क्लोरिंदाबाईंचं दारूचं पिंप

एकोणीस वर्षांच्या पोराला पांढरा शर्ट चढवायचा, गळ्यात टाय अडकवायचा, छातीवर नावाची काळी पाटी लावायची आणि वर त्याला ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा, म्हणायचं, ही आम्हा मॉर्मन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची जुनी खोड आहे. मला तेव्हा धड मिशीही फुटली नव्हती. अमेरिकेत, आयडाहोत, वडिलांच्या शेतात बटाटे उपसता उपसता मी एके दिवशी एल्डर फॅक्रेल झालो आणि दोन वर्षं दारोदार धर्माचा निरोप सांगायला चिलीच्या दक्षिणेला, चिलोएच्या बेटांवर येऊन पडलो. साल १९८४. निरोप ऐकायला कुणी ताटकळत बसलं नव्हतं, ते सोडा. पण मला वाटलं होतं, निदान बटाट्यांच्या बाबतीत तरी आपण ह्या लोकांना चार गोष्टी शिकवू. तिथं गेल्यावर कळलं की एकेकाच्या परसात निळे, काळे, तांबडे, बोटाएवढे, मुठीएवढे असे वीस वीस जातींचे बटाटे आहेत, आणि आमच्यासारखा पांढरा भलामोठा बटाटा तिथं डुकरांना घालतात.

माझा जोडीदार एल्डर किलोद्रान. हा चिलीचाच, पण पार उत्तरेच्या वाळवंटातला. त्याच्या गावी पाऊस ही ऐकीव गोष्ट, आणि चिलोएत पाऊस थांबला की माणसं दचकून वर बघतात. त्याचे बूट वर्षभरात एकदाही वाळले नाहीत आणि त्याचा राग तो माझ्यावर काढायचा. आमच्यात नियम असा, की जोडीदारानं जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही. एक जिथं जाईल तिथं दुसऱ्यानं जायचं. त्यामुळं मी जे जे उद्योग केले त्या सगळ्यांना हा साक्षीदार आहे, आणि अजूनही दर नाताळला फोन करून आठवण करून देतो.

सोइलाबाईंची आणि आमची ओळख अशीच झाली. त्यांचं घर आमच्या छोट्या बेटाच्या टोकाला, समुद्राकडं पाठ करून बांधलेलं. दार वाजवलं, तर साठीतली, माझ्या दीडपट रुंद बाई बाहेर आली. तिनं आमचे टाय पाहिले, पाट्या पाहिल्या आणि माझं मनगटच धरलं.

“तीन आठवडे झाले निरोप धाडून! आत्ता उगवताय होय? चला, ती मरायला टेकलीय.”

“बाई, आम्ही येशूचा...”

“येशूचं नंतर. आधी डुकरीण.”

तिला आम्ही गुरांचे सरकारी डॉक्टर वाटलो होतो. आम्हाला काही बोलू न देता तिनं थेट गोठ्यात नेऊन उभं केलं. डुकरीण अडली होती. आता धर्मातलं मला बेताचंच येत होतं, पण डुकरं मी लहानपणापासून पाहिली होती. मी बाह्या सारल्या आणि आत हात घातला. नियमाप्रमाणं किलोद्रानही आत आला, एकदा पाहिलं आणि चिखलात आडवा झाला. अर्ध्या तासात नऊ पिल्लं बाहेर आली. तेवढ्या वेळात डुकरिणीनं माझा टाय अर्धा खाल्ला. उरलेला अर्धा गळ्यात घेऊन मी उभा राहिलो, तेव्हा सोइलाबाई म्हणाल्या, “हं. आता बोल, काय म्हणत होतास येशूचं?”

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्याकडं जाऊ लागलो. आम्ही धर्म सांगायचा आणि त्यांनी किसलेल्या बटाट्याच्या, डुकराची चरबी घातलेल्या जाड भाकऱ्या पुढ्यात लोटायच्या. वाढलेलं नाकारायचं नाही, हा आमचा नियम त्यांना कुणीतरी सांगून ठेवला होता. एकदा मी अकरा खाल्ल्या आणि प्रार्थनेला गुडघे टेकले, ते किलोद्राननं ओढल्यावरच उठलो. सर्वांत किडमिड्या पिल्लाचं नाव त्यांनी ‘एल्डर’ ठेवलं होतं. बाई “एल्डर, घाण करू नकोस!” असं ओरडल्या की आम्ही दोघंही आधी आपले बूट बघायचो.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या मधोमध एक पितळी घंगाळ ठेवलेलं असे. छपरातून त्यात टप्‌ टप्‌ पाणी पडायचं. मी दुसऱ्याच भेटीत म्हटलं, “बाई, दोन खिळ्यांचं काम आहे. मी चढतो.”

“खबरदार चढलास तर,” त्या म्हणाल्या. “ते एलिसेओचं काम आहे.”

एलिसेओ त्यांचा नवरा. बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी ह्याच गळतीवरून दोघांची कडाक्याची जुंपली. तो म्हणाला, खिळे नाहीत. त्या म्हणाल्या, तुला अक्कल नाही. तो तणतणत बोट घेऊन कास्त्रो शहरात खिळे आणायला गेला. संध्याकाळी बोट मिळाली, तो मिळाला नाही. तेव्हापासून सोइलाबाई बोटीत बसल्या नव्हत्या की पाण्याजवळ गेल्या नव्हत्या. शंख गोळा करायलासुद्धा बहिणीला पाठवायच्या.

आमच्या धर्मात नवरा-बायकोची गाठ मरणानं सुटत नाही, रीतसर बांधली तर ती पलीकडंही टिकते. हे मी सांगितलं तेव्हा बाईंचा भाकरी थापणारा हात थांबला.

“म्हणजे तो मला भेटेल?”

“भेटेल.”

“नक्की? समोर उभा? पळता येणार नाही त्याला?”

“नाही येणार.”

“बावीस वर्षांचं बोलायचं साठलंय पोरा,” त्या म्हणाल्या आणि डोळे पदराला पुसावेत तसे त्यांनी ॲप्रनला पुसले. “काय करावं लागेल ते सांग.”

आधी बाप्तिस्मा घ्यावा लागेल. आणि इथंच घोडं अडलं. आमच्यात डोक्यावर चार थेंब शिंपडून भागत नाही. माणूस पाण्याखाली सगळाच्या सगळा गेला पाहिजे. दोन साक्षीदार डोळ्यांत तेल घालून बघतात. पायाचं बोट वर राहिलं, केसाची बट तरंगली, तरी पुन्हा पहिल्यापासून. बाप्तिस्म्याचं बांधीव टाकं होतं कास्त्रोच्या देवळात, म्हणजे दोन तास बोटीनं. बोटीत त्या बसणार नव्हत्या. आणि समोर पसरलेल्या समुद्राकडं बोट दाखवलं, तर त्यांनी खिडकीचा पडदाच ओढून घेतला. “ह्या समुद्राला माझ्याकडून एक माणूस मिळालाय. दुसरा मिळणार नाही.”

महिने गेले. मग एका बुधवारी दुपारी रेडिओवरच्या निरोपांत माझं नाव आलं. बेटांवर तेव्हा फोन नव्हते, सगळे निरोप रेडिओवरून यायचे आणि सगळे सगळ्यांचे निरोप ऐकायचे. कुणाची तरी गाय सापडली होती, कुणाची मावशी गेली होती, आणि एल्डर फॅक्रेल यांनी सोमवारच्या बोटीनं बदलीच्या जागी, पुंता अरेनासला निघावं. आम्ही घरातून रस्त्यावर येईपर्यंत तीन जणांनी माझं सांत्वन केलं होतं.

सोइलाबाई त्यांच्या दारातच आमची वाट बघत उभ्या होत्या. “शनिवारी,” त्या म्हणाल्या. “तूच करायचंस. दुसरा कुणी आला तर मला परत पहिल्यापासून घाबरायला लागेल, आणि तेवढा दम आता माझ्यात नाही. शनिवारी झालं तर झालं. नाहीतर तो तिकडं आणि मी इकडं.”

हे सगळं त्या हसत बोलल्या, पण मी ऐकताना घाबरलो. बाप्तिस्मा हुकला असता तर दुःख आम्हालाही झालं असतं, पण ते आमच्या कागदावरचं. ह्या बाईचा नवराच हुकणार होता.

रस्त्यात किलोद्रान थांबला. “एल्डर, पिंप!” तो म्हणाला.

सोइलाबाईंची थोरली बहीण क्लोरिंदाबाई शेजारीच राहायची. कट्टर कॅथलिक. आम्ही दिसलो की कुंपणावर कोपर ठेवून, “आले गं तुझे डुकराचे डॉक्टर!” असं बहिणीला ओरडून सांगायची. तिच्या परसात सफरचंदाची दारू घालायचं एक लाकडी पिंप होतं, छातीएवढं उंच आणि चार माणसं मावतील असं. मॉर्मन माणूस दारूला शिवत नाही. चहा-कॉफीलाही शिवत नाही. तर आम्ही दोघं टोप्या हातात घेऊन दारूचं पिंप मागायला गेलो.

क्लोरिंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “तिला बुडवणार ह्यात?”

“हो.”

“अख्खी?”

“अख्खी.”

“मग न्या. पण मी बघायला येणार. खुर्ची घेऊन.”

पिंप लोटत लोटत आम्ही सोइलाबाईंच्या परसात आणलं. गुरुवारी सकाळपासून विहिरीवरून बादल्या वाहिल्या. साठ बादल्या झाल्या, हात खांद्यातून उतरले, आणि पिंपात पाणी घोट्याएवढं. आमच्या पायांखाली मात्र तळं झालेलं. फळ्याफळ्यांतून पाणी हसत हसत बाहेर येत होतं. क्लोरिंदाबाई कुंपणावर कोपर ठेवून सकाळपासून उभ्या होत्या.

“वाळलेलं पिंप आहे,” त्या म्हणाल्या. “आधी दोन दिवस भिजवावं लागतं, मग लाकूड फुगतं आणि फटी बुजतात. शेंबड्या पोराला माहीत असतं.”

“मग सकाळी का नाही सांगितलंत?” किलोद्रान किंचाळला.

“इतक्या हौसेनं वाहत होतात, म्हटलं कशाला मोडता घाला?”

दोन दिवस आम्ही ओली पोती गुंडाळून, तासातासाला पाणी ओतून पिंप भिजवलं. शनिवारी सकाळी ते पाणी धरू लागलं. पाणी बर्फासारखं, म्हणून शेजारपाजारच्या चुलींवर भांडी चढवली आणि उकळतं पाणी आणून ओतलं. त्यानं पाणी कोमट झालं, आणि लाकडात वर्षानुवर्षं मुरलेली दारू जागी झाली. असा काही वास सुटला की डुकरिणीनं गोठ्यातून मान बाहेर काढली.

आमच्या तिथल्या छोट्या मंडळीचे प्रमुख नाउतोभाऊ आले. हे नावा बांधायचे, एक रेघ इकडची तिकडं खपायची नाही. ते एक साक्षीदार, किलोद्रान दुसरा. नाउतोभाऊ पिंपावर वाकले, नाक ओढलं आणि सरळ झाले. “एल्डर, हे चालतं का?”

“पुस्तकात प्यायची नाही असं आहे, भाऊ,” किलोद्रान म्हणाला. “बुडायचं नाही असं कुठं लिहिलंय?”

नाउतोभाऊंनी बराच विचार केला. “तोंड मिटून ठेवा,” त्यांनी सोइलाबाईंना बजावलं.

बाई पांढऱ्या झग्यात बाहेर आल्या. ओठ घट्ट मिटलेले. शिडीवरून त्यांना आत उतरवलं, मागून मी उतरलो, तसं पाव पिंप पाणी कडेनं बाहेर गेलं. मी एक हात उंच केला, त्यांचं अख्खं नाव घेतलं, सोइला देल कार्मेन कार्कामो बारियेन्तोस, ठरलेली वाक्यं म्हटली आणि त्यांना मागं झुकवून पाण्याखाली नेलं.

“गुडघा,” नाउतोभाऊ म्हणाले.

पिंप गोल. डोकं खाली गेलं की गुडघे वर यायचे. पुन्हा नाव, पुन्हा वाक्यं, ह्या वेळी त्यांना खाली बसवत बसवत नेलं.

“वेणी.”

वेणी डोक्याला गुंडाळली. तिसऱ्या वेळी झग्यात हवा शिरली आणि झगा तंबूसारखा फुगून वर आला. मी तो एका हातानं दाबला तर दुसरीकडून वर.

“कापड धरून सगळं आत लागतं,” नाउतोभाऊ खेदानं म्हणाले.

क्लोरिंदाबाई खुर्चीवर बसून हसून हसून लाल झाल्या होत्या. “अगं सोइला, तुला देवच घेत नाहीये! वर ढकलतोय!”

“तू गप गं!” सोइलाबाई ओरडल्या. आणि चौथ्या वेळी, मी त्यांना खाली नेत असताना, नाकात पाणी जाऊन त्या घाबरल्या. त्यांनी दोन्ही हातांनी पिंपाची कड धरली आणि सगळा भार एका बाजूला टाकला. पिंप कललं. कुठंतरी ताडकन गंजका लोखंडी पट्टा तुटला. दुसऱ्या क्षणी पिंपाच्या फळ्या चारी दिशांना पसरल्या होत्या, आणि सोइलाबाई व मी परसाच्या मधोमध चिखलात मांडी घालून बसलो होतो. पाणी सरळ गोठ्याकडं धावलं. डुकरीण आणि तिची नऊ पोरं ते प्यायला लागली.

क्लोरिंदाबाईंचं हसू थांबलं. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं. सोमवारी माझी बोट होती, पिंप मोडलं होतं आणि ह्या बाईला मी समोर उभा नवरा कबूल करून बसलो होतो.

सोइलाबाईंनी तोंडावरचा चिखल पुसला. “माझी मेलीची भीती बघ,” त्या हळूच म्हणाल्या. “बावीस वर्षं समुद्राला भ्यायले, आणि बुडत होते कुठं? क्लोरिंदाच्या पिंपात.”

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात रोवला आणि उठल्या. घराला वळसा घालून पलीकडं गेल्या आणि उभ्या राहिल्या. समोर समुद्र होता. “इथं भरलेलंच आहे,” त्या म्हणाल्या. “बादल्या नकोत.”

“सोइला,” क्लोरिंदाबाई म्हणाल्या. आवाज एकदम वेगळा होता. “थांब. अशी जाऊ नकोस, झगा फुगेल.” त्या धावत आत गेल्या. भिंतीवर एलिसेओचं जुनं जाळं बावीस वर्षं टांगलेलं होतं. जाळं बुडावं म्हणून त्याच्या कडेला बांधलेले भोकाचे दगड त्यांनी सुरीनं दोऱ्या कापून सोडवून आणले, आणि तिथंच गुडघ्यांवर बसून सुईदोऱ्यानं झग्याच्या काठाला शिवायला लागल्या. मॉर्मन बाप्तिस्म्यासाठी कॅथलिक बाई दगड शिवत होती. दर टाक्याला छातीवर क्रूसाची खूण करत होती, ते वेगळं.

पाणी इतकं गार होतं की मला माझे पायच जाणवेनात. एरवी आम्हा प्रचारक पोरांना नियमानं समुद्रात पाऊल टाकायची बंदी, एवढ्या एकाच कामाला मुभा. बाई एकेक पाऊल टाकत होत्या आणि माझा दंड असा धरला होता की वळ आठवडाभर राहिले. कमरेएवढ्या पाण्यात आम्ही थांबलो.

“सोडू नकोस हं,” त्या म्हणाल्या.

“नाही सोडणार.”

दात वाजत होते, तरी मी वाक्यं न चुकता म्हटली. त्या मागं झुकल्या, आणि पाणी त्यांच्यावरून मिटलं. झगा नाही, वेणी नाही, गुडघा नाही. मी वर ओढलं. त्या खोकल्या, डोळे पुसले. मी किनाऱ्याकडं पाहिलं. नाउतोभाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढली. किलोद्रान पावसात उभा राहून दोन्ही हात हलवत होता, आणि त्या दिवशी पावसाबद्दल त्यानं ब्र काढला नाही.

मी वळलो, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. त्या दूर कास्त्रोच्या दिशेला बघत होत्या. मग ओट्यावरून अंगणातल्या माणसाशी बोलावं तशा सहज आवाजात म्हणाल्या, “एलिसेओ, खिळे राहू देत. माझे मी आणते.”

मला रडू आलं. समुद्रात उभा असल्यामुळं ते कुणाला दिसलं नाही. क्लोरिंदाबाई मात्र घोंगडी घेऊन चपलांसकट गुडघाभर पाण्यात आल्या होत्या आणि बहिणीला गुंडाळताना आम्हाला शिव्या देत होत्या. “माझं पिंप! आधी पिंप भरून द्या, हरामखोरांनो!”

कोरडे कपडे घालून चुलीपाशी बसलो, तेव्हा सोइलाबाईंनी घंगाळाकडं पाहिलं. टप्‌ टप्‌ चालू होतं. “नाउतोभाऊ, खिळे आहेत का खिशात?” त्यांनी विचारलं. नावा बांधणाऱ्याच्या खिशात खिळे नसतील असं कसं होईल? “मग चढा रे पोरांनो. त्याच्याशी भांडायला मला दुसरं पुष्कळ आहे.”

मी चढलो. नियमाप्रमाणं किलोद्रानही चढला. मी गळती शोधून दोन खिळ्यांत बुजवली, हातभर मागं सरकलो, आणि तेवढ्यात बाजूला कडकन आवाज झाला. किलोद्रान मांडीपर्यंत छपरात गेला होता. खालून क्लोरिंदाबाईंच्या हसण्याचा स्फोट ऐकू आला. मी भोकातून आत डोकावलो. किलोद्रानचा ओला बूट स्वयंपाकघरात लोंबत होता आणि त्याच्या बाजूनं पाऊस आत येत होता.

सोइलाबाईंनी बुटाकडं पाहिलं, घंगाळ पायानं सरकवून त्याच्याखाली नेलं आणि पाठ फिरवून चुलीकडं वळल्या.

“एलिसेओला सांगेन मी,” त्या म्हणाल्या. “निदान हे चढले तरी.”